फोन हातात येण्याआधीचं अर्धं मिनिट

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय 36, एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी, घरी पत्नी, दोन लहान मुलं आणि आई. रात्री मुलं झोपली की "दहाच मिनिटं" म्हणून फोन घेता आणि बघता बघता दीड वाजतो. सकाळी नीट जागही आलेली नसते, तोवर हात उशीखाली गेलेला असतो. इन्स्टाग्राम काढून टाकलं, चार दिवसांत परत आलं. ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप असल्यामुळे फोन बंद ठेवता येत नाही. आता साधा बटणांचा फोन घ्यावा का, असं विचारता. आणि शेवटी एक वाक्य आहे: "माझ्यातच दम नाही बहुतेक."

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते डोक्यात असेपर्यंत पुढचं काही उपयोगी पडणार नाही. मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते आणि सुटत नसलेल्या सवयी हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये पहाटे उठून सिंहगड चढणारी माणसं असतात, सिगारेट एका झटक्यात सोडलेली माणसं असतात, दहा-दहा तास अभ्यासाला बसणारी मुलं असतात. दम त्यांच्यात भरपूर असतो. रात्री अकरा वाजता मात्र तो कुणाकडेच फारसा शिल्लक राहत नाही, आणि जो उपाय रात्री अकराच्या निर्धारावर उभा आहे तो कोसळणारच. म्हणून निर्धाराचं काम दिवसा, डोकं ताजं असताना उरकायचं आणि रात्रीसाठी फक्त व्यवस्था लावून ठेवायची, असं मी सांगते. पुढचं सगळं उत्तर त्या व्यवस्थेबद्दल आहे.

तुम्ही "फोनची सवय" म्हणता त्यात खरं तर वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. रात्रीचं स्क्रोलिंग, सकाळचा आपोआप जाणारा हात, कामाच्या मधे मधे फोन उघडून बघणं आणि ग्रुपवर हजर राहण्याची सक्ती. चारही एकदम सुटणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. रात्रीची गाठ सुटली की सकाळची बरीचशी आपोआप सैल होते, कारण फोन उशीखाली नसला तर हाताला तिथे काही सापडत नाही. झोप पुरी झाली की दुपारचं उघडून बघणंही कमी होतं. त्यामुळे क्रम पक्का ठेवा: आधी रात्र, मग ऑफिस, बाकीचं नंतर.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. मोबाइलचं व्यसन हा स्वतंत्र आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, फोनचा नाही. तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही. पण फोन हे एकाच रोगाचं एकच लक्षण आहे, असं धरून मला उत्तर देता येत नाही. काहींना आधीपासून निद्रानाश असतो आणि फोन फक्त जागेपणाचा सोबती असतो. काहींच्या मनावर उदासी दाटलेली असते. काही जण रात्री फोनवर काय करतात हे सांगायला लाजतात: पैसे लावून खेळायचे गेम, शेअर बाजारातले ऑप्शन, पॉर्न. यांपैकी काही तुमच्या बाबतीत असेल तर माझं पुढचं उत्तर अपुरं आहे, तिथे प्रत्यक्ष भेटूनच काम करावं लागतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी असं धरते की रील्स, यूट्यूब आणि बातम्या यांतच वेळ जातो.

थांबणं का जमत नाही, हे समजून घेतलं तर उपाय स्वतःलाच सुचू लागतात. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरं आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं होतं की प्रत्येक वेळी दाणा मिळाला तर प्राणी भुकेपुरतं काम करून थांबतो. दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर तो कितीतरी जास्त काळ कळ दाबत राहतो, आणि दाणे बंद केले तरी ती सवय सहजी मोडत नाही. रील्समध्ये नेमकं हेच घडतं. पाच कंटाळवाण्या, सहावी झकास, मग तीन ठीक, मग एक अशी की पत्नीला दाखवावीशी वाटते. पुढची कशी असेल ते ठाऊक नसणं हाच तिचा जोर आहे.

दुसरी गोष्ट, शेवट नाहीसा झाला आहे. वर्तमानपत्र संपतं, मालिकेचा भाग संपतो, मासिकाचं शेवटचं पान येतं. तिथे क्षणभर थांबून "आता पुरे" म्हणायची सोय असते. अझा रास्किन या अमेरिकी सॉफ्टवेअर डिझायनरांनी 2006 मध्ये न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि ती थांबायची जागाच गेली. पुढे त्यांनी स्वतःच या गोष्टीबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. आपल्याकडे 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटा संपण्याचाही शेवट गेला, आणि 2020 च्या जुलैत, टिकटॉकवर बंदी आल्याच्या पाठोपाठ, रील्स आल्या.

या दोन गोष्टींतून एक अगदी व्यावहारिक निष्कर्ष निघतो. "आता एक चांगली लागली की ठेवतो" हा करार कधीच पाळला जाणार नाही, कारण चांगली लागणं हेच तर पुढची बघायला लावणारं कारण आहे. थांबण्याची खूण पडद्याच्या बाहेरून यायला हवी. तीही हाताशी नको, उठून जावं लागेल अशी हवी.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिल्या आठवड्यात काहीही कमी करू नका. हे ऐकून लोक निराश होतात, पण या आठवड्याशिवाय मी कुणाचंच काम सुरू करत नाही. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. विनाकारण फोन उघडला असं लक्षात आलं की चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, काय उघडलं, आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय घडलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. सुरुवातीला सगळे तिथे "कंटाळा" लिहितात. मी ते परत करते. कंटाळा हा निष्कर्ष झाला, मला घटना हवी. "साहेबांचा मेल वाचला." "एक्सेलचा ताळा जुळेना." "मुलीला अभ्यासावरून ओरडलो." "आई आणि बायको स्वयंपाकघरात बोलत होत्या, मी बाहेर एकटाच." अशा नोंदी आठवडाभर जमल्या की मागच्या घटना तीन-चारच निघतात, पुन्हा पुन्हा त्याच. स्क्रीन टाइमचा आकडा हे सांगत नाही. पाच तास गेले, एवढंच तो सांगतो आणि अपराधी वाटायला लावतो. त्यातला दिवसात फोन किती वेळा उघडला हा आकडा मला जास्त कामाचा वाटतो, कारण सवय तासांत नसते, हात जाण्यात असते. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये तो मिळतो, आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये.

नोंद करण्यानेच थोडा फरक पडतो. नखं खाणं, केस उपटणं अशा सवयींसाठी नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते, आणि तिची पहिली पायरी हीच आहे: हात निघाला हे हात निघतानाच कळणं. दुसरी पायरी म्हणजे त्याच वेळी त्या हाताला दुसरं, विरुद्ध काम देणं. फोनसाठी मी साधं सांगते. हात खिशाकडे गेला की मूठ वळायची, ती मांडीवर ठेवायची आणि दोन दीर्घ श्वास सोडायचे. मग फोन हवाच असेल तर घ्या, पण कशासाठी घेताय ते मनात उच्चारून घ्या. "बँकेचा मेसेज बघायला." काही उच्चारता आलं नाही, तर त्या अर्ध्या मिनिटातली खरी गोष्ट समोर येते: ताळा जुळत नाहीये आणि मला तिथून पळायचंय.

अशा वेळी जी ओढ लागते ती वाढतच जाईल, असं वाटतं. ती तशी वाढत नाही. व्यसनांवर काम केलेले ॲलन मार्लट तिला लाटेची उपमा देत: चढते, माथ्यावर येते, ओसरते. तिच्याशी झुंजायचं नाही आणि तिच्यामागे धावायचंही नाही, छातीत-हातात ती कुठे जाणवते तेवढं बघत राहायचं. बहुतेकांना काही मिनिटांत ती उतरल्याचं कळतं. पहिल्यांदा हे अनुभवलं की माणसाचा चेहरा बदलतो, मी पाहिलंय.

दुसऱ्या आठवड्यापासून रात्र. फोन बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला लावायचा, रोज त्याच जागी, ठरलेल्या वेळी. त्यासाठी आधी गजराचं घड्याळ विकत आणा. "गजर फोनमध्ये आहे" या एका कारणावर ही व्यवस्था मोडलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की घड्याळ आणल्याशिवाय मी पुढचं बोलत नाही. रात्री-अपरात्री कुणाचा फोन आला तर, ही काळजी रास्त आहे. डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक माणसांचे कॉल चालू ठेवता येतात, आणि कुणी लागोपाठ दोनदा कॉल केला तर तो वाजू देण्याचीही सोय असते. आवाज मोठा ठेवा, हॉलमधून ऐकू येतो.

घर लहान असेल, एकच खोली आणि स्वयंपाकघर असेल, तर अंतर उंचीने मिळवायचं. कपाटावर, माळ्याच्या कडेला, फ्रीजच्या वर. अंथरुणातून उठून, दिवा लावून, हात वर केल्याशिवाय फोन मिळू नये, एवढंच बघायचं.

पण फोन बाहेर गेला की एक रिकामा तास उरतो, आणि बहुतेकांचे प्रयत्न तिथेच मोडतात. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज सांगते. सकाळपासून तुम्ही ऑफिसचे असता, संध्याकाळपासून मुलांचे आणि आईचे. मुलं झोपल्यावरचा तास हा दिवसातला एकटा तुमचा तास आहे. फोन त्या तासाची राखण करतो. म्हणून झोप येत असतानाही तो खाली ठेववत नाही. ठेवला की दिवस संपला आणि उद्याचा सुरू झाला. इन्स्टाग्राम काढलंत तेव्हा तुम्ही ॲप काढलंत, तो तास तसाच भुकेला राहिला. चार दिवसांत ते परत येणारच होतं.

तेव्हा त्या तासाचा हक्काने बंदोबस्त करा. पत्नीशी दिवसा बोला, रात्री भांडण झाल्यावर नको. जेवणानंतरचा अर्धा तास तुमचा, तेव्हा मुलं तिच्याकडे किंवा आईकडे. आणि तसाच अर्धा तास तिचा, तेव्हा मुलं तुमच्याकडे. हा दुसरा भाग पुरुष विसरतात, म्हणून ठळकपणे सांगते. तिलाही स्वतःचा वेळ हवा आहे आणि बहुधा तिचाही फोन त्याच तासाची राखण करतोय.

त्या अर्ध्या तासात काय करायचं, यात सुधारणेचा सोस ठेवू नका. लोक उत्साहाने ठरवतात: रोज ज्ञानेश्वरी, इंग्रजीचा कोर्स, सूर्यनमस्कार. थकलेला माणूस यातलं काही करत नाही, तो फोन शोधतो. आळसात करता येईल आणि आवडेल असं काहीतरी आधीच हाताशी काढून ठेवा. गेल्या वर्षीचे दिवाळी अंक, रेडिओवर विविध भारती, शेजाऱ्याबरोबर सोसायटीत दोन फेऱ्या, पत्नीबरोबर पत्त्यांचा डाव, मटार सोलत गप्पा. एकाला जुन्या हार्मोनियमची भाता-दुरुस्ती सापडली, तो रात्री तेच करत बसायचा. रील्सच बघायच्या असतील तरी चालेल, मी पूर्ण बंदी सांगत नाही. पण हॉलमध्ये, खुर्चीत बसून, दिवा लावून, साडेनऊ ते दहा. अंथरुणात कधीही नाही. जागा आणि वेळ बांधली की त्याच रील्सचा जोर पुष्कळ कमी होतो. दहा वाजताचा गजर घड्याळाचा, आणि ते घड्याळ बेडरूममध्ये. तो बंद करायला उठावं लागेल, तेव्हा फोन चार्जिंगला लावूनच उठायचं.

लोक आणखी बरेच उपाय विचारतात, त्यांबद्दल झटपट. पडदा काळा-पांढरा करणं काहींना उपयोगी पडतं, माझ्याकडचे बरेच जण मात्र काही दिवसांत रंग परत आणतात. ॲपवर वेळेची मर्यादा लावली की काही दिवसांत ती वाढवायचं बटण दाबण्याचीच सवय लागते. त्यापेक्षा ॲप काढून तेच संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा आणि प्रत्येक वेळी लॉग आउट करा. पासवर्ड लांबलचक ठेवा, कागदावर लिहून कपाटात. एवढ्या अडथळ्यानेही निम्मे फेरे वाचतात, असं माझ्याकडचे लोक सांगतात. पासवर्ड पत्नीच्या हाती देऊ नका. ती पहारेकरी होते, तुम्ही चोर होता, आणि नातं बिघडतं.

साध्या फोनचा प्रश्न. यूपीआय, बँकेची ॲप, मुलांच्या शाळेचा ग्रुप, ऑफिस: हे सगळं ज्याला रोज लागतं त्याने बटणांचा फोन घेतला तर थोड्याच दिवसांत स्मार्टफोन परत येतो, आणि सोबत "हेही जमलं नाही" ही भावना येते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मात्र मी तो सुचवते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या मुलाला ठरावीक महिने तो पुरतो आणि उपयोगीही पडतो. तुम्हाला मी सुचवणार नाही.

ऑफिसचे ग्रुप. सगळे ग्रुप म्यूट करा, साहेबांचं आणि दोन-तीन माणसांचं व्यक्तिगत चॅट चालू ठेवा. ग्रुप बघण्याच्या वेळा ठरवा: सकाळी पोचल्यावर, जेवणानंतर, निघण्याआधी. सूचना सरसकट बंद करणं चांगलं वाटतं, पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेगळं दिसलं. ज्यांना सूचना दिवसातून तीनदा एकगठ्ठा मिळाल्या त्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. ज्यांच्या पूर्ण बंद केल्या त्यांची बेचैनी वाढली. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. काही आलं असेल का, हा विचारच हाताला ओढतो. आणि साहेबांना एकदा सरळ सांगून टाका: "तातडीचं असेल तर कॉल करा, मी लगेच उचलतो." हे ऐकून चिडलेले साहेब मला फार कमी ऐकायला मिळाले. लोकांची भीती बहुतेक वेळा साहेबांपेक्षा मोठी असते. मार्च अखेरीला हे नियम तुम्हाला सैल करावे लागतील, ते आधीच धरून चाला.

घरातल्या बाकीच्यांचं काय? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवले जातात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तिथे कुणालाच एकट्याने मोह आवरावा लागत नाही. शेजारच्याचाही फोन त्याच वेळी बंद असतो. घरात एवढं तरी करता येईल: जेवणाच्या वेळी सगळ्यांचे फोन एकाच जागी, आणि आईची मालिकाही तेवढा वेळ बंद. मुलांना "फोन ठेव" म्हणायची गरज मग कमी लागते.

किती दिवस लागतील? एकवीस दिवसांचा हिशेब सगळीकडे सांगितला जातो, त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे मोजलं. सरासरी 66 दिवस निघाले, पण माणसामाणसांत 18 पासून 254 पर्यंत फरक होता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. गणपतीत, आजारपणात, गावाला गेल्यावर फोन पुन्हा अंथरुणात येईल. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून ॲप काढणं, उपास करणं, शपथा घेणं यातलं काही नको. त्या रात्री फोन परत हॉलमध्ये लावा, बस.

फोन हॉलमध्ये ठेवून दोन-तीन आठवडे झाले तरी तुम्ही रात्री दोनपर्यंत छताकडे बघत जागे असाल, सकाळी कशातच मन लागत नसेल, किंवा फोन न मिळाल्यावर घरच्यांवर हात उगारण्याइतका राग येत असेल, तर मूळ दुखणं फोनच्या पलीकडे आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं स्वतंत्र क्लिनिक चालतं, म्हणजे या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे जाण्यात संकोच वाटण्यासारखं काही उरलेलं नाही.

आज वही आणि गजराचं घड्याळ आणा. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की शेवटचा रकाना इथे लिहा, नावं-गावं वगळून. त्यात रात्रीपेक्षा दुपारच्या नोंदी जास्त निघाल्या, तर वर सांगितलेला क्रम उलटा करावा लागेल आणि ऑफिसपासून सुरुवात करावी लागेल. ती कशी, ते मी त्या नोंदी बघून सांगते.